फुकटचा आवाज

सुनंदाच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा प्रयत्न करू, पण स्वरयंत्र काढावं लागेल. बोलणं जाईल. गळ्याला पुढून भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मंग कोंबड्या कोन हाकली?" डॉक्टर बाहेरगावचे होते, त्यांना काही कळलं नाही. मला हसू आलं. तिचा आवाजच तसा होता. शिंदखेड्यात आमच्या गल्लीच्या या टोकाला ती बोलली की त्या टोकाहून पुष्पाबाई उत्तर द्यायची.

मी एस.टी.त मेकॅनिक होतो, आता निवृत्त आहे. आम्हाला दोन मुलं. नवीन धुळ्याला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. शाळांना, पतसंस्थांना, दवाखान्यांना कंपन्यांची विकतची सॉफ्टवेअर बसवून देतो आणि दर वर्षी नूतनीकरणाचे पैसे घेतो. मोनाली जळगावला दिली आहे. तिचा नवरा ललित तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तो फुकटच्या सॉफ्टवेअरवाला. फुकट म्हटलं की त्याला राग यायचा. आबा, फुकट नाही, मोकळं म्हणा, असं तो सांगायचा. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं.

या दोघांचं आधीपासून वाकडं होतं. ललितच्या कॉलेजची मोठी ऑर्डर नवीनला मिळणार होती. ललितने प्राचार्यांना सांगितलं की एवढा खर्च कशाला, मी सगळ्या मशीनवर मोकळं बसवून देतो, आणि सुट्टीत बसून बसवून दिलं. मेहुण्याने पोटावर पाय दिला, हे नवीनच्या डोक्यातून गेलं नाही. दिवाळीला दोघं शेजारी जेवायला बसले तरी बोलणं तिथेच यायचं. नवीन म्हणायचा, प्रसाद फुकट असतो, औषध नसतं. बिघडलं तर कोणाची कॉलर धरायची? ललित म्हणायचा, तुमच्या कंपनीची कॉलर कोणी पाहिली आहे का? फोन केला की एक दाबा, दोन दाबा. विहिरीचं पाणी फुकट आणि बाटलीतलं विकत, पण विहिरीत काय आहे ते वाकून तरी बघता येतं. वाकताना माणूस पडतो पण, असं नवीन म्हणायचा. सुनंदा दोघांच्या पानात पोळी टाकायची आणि म्हणायची, आता खा, मग पडा.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर दोघांनाही एकच सुचलं. माणसाचा आवाज आधी भरून ठेवला तर मशीन नंतर त्याच आवाजात बोलतं. आपण मोबाइलवर लिहायचं, मोबाइल बोलतो. एकच सुचलं, पण एकत्र करावं असं कोणाला वाटलं नाही.

नवीनने एका मोठ्या कंपनीचं विकतचं ॲप घेतलं. कंपनीने वाक्यं दिली होती, ती वाचायची. "आज हवामान आल्हाददायक आहे." "कृपया माझ्या खात्याची माहिती द्या." सुनंदा चौथी शिकलेली. ती बोट ठेवून वाचायची आणि नवीन तिला थांबवायचा. आहे म्हण माय, शे नको म्हणू. ती म्हणायची, हवामान शे का आहे, ते काय बदलतं? पण मुलासाठी ती तसं वाचत गेली. ताठ बसून, पदर सावरून, जणू सरकारी माणूस समोर बसला आहे.

ललितने वेगळं केलं. ओट्यावर माइक ठेवून दिला आणि तिला म्हणाला, अक्का, तुम्ही तुमचं काम करा. ती कोंबड्यांना बोलली, पुष्पाबाईशी लग्नातल्या मानपानावरून भांडली, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हणाली, मला दळणाला पाठवताना जे बोलायची ते बोलली. सगळं अहिराणीत. ललित ते घेऊन जळगावला गेला. कॉलेजच्या मशीनवर मोकळ्या सॉफ्टवेअरमधून त्याने तिचा आवाज तयार केला.

ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा तिच्या डोक्याशी मी तांब्या आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की ती तांब्यावर चमचा वाजवायची. भराभर वाजवलं म्हणजे भोकात कफ अडकला. एकदाच, हळू वाजवलं म्हणजे काही नको, नुसतं ये. आमचं तेवढ्यात भागत होतं.

मग दोघं आपापला मोबाइल घेऊन आले. नवीनच्या मोबाइलमधला आवाज स्वच्छ होता. सुनंदाचाच होता, नाही म्हणता येणार नाही. पण ती वाणी कुठलीतरी शिकलेली बाई बोलते तशी होती. "मला पाणी हवे आहे." आमच्या घरात असं कोणी पाणी मागितलेलं नाही. शिवाय नेट गेलं की तो गप्प. ललितच्या मोबाइलमधला आवाज घोगरा होता, शब्दाचा शेवट खायचा, पण "माले पानी दे" म्हणाला तेव्हा पुष्पाबाई दारातून आत आली. अक्का बोलायला लागली असं तिला वाटलं. पण तो चालू व्हायला वेळ घ्यायचा, आणि ललितने त्यात काही बदल केला की दोन दिवस बंद पडायचा.

सुनंदाला दोन मोबाइल सांभाळावे लागले. उशीच्या या बाजूला मुलाचा, त्या बाजूला जावयाचा. मुलगा आला की त्याच्यावर लिहायचं, जावई आला की त्याच्यावर. चुकून उलटं झालं की दोघांची तोंडं उतरायची. आजारी बाई दोघांची मनं राखत होती.

एके दिवशी नवीनने तांब्या आणि चमचा उचलून स्वयंपाकघरात फळीवर ठेवला.

"माय, तुला आता आवाज आहे. भिकाऱ्यासारखं भांडं काय वाजवते."

ललितही हो म्हणाला. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

त्यानंतरच्या रविवारी दोघंही घरी होते. मोनाली बाजारात गेली होती. मी दळण आणायला गेलो. गिरणीवर गर्दी होती, वेळ लागला. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मला सुनंदाचा आवाज ऐकू आला. लांबूनच. मला वाटलं, आज तिला बरं वाटतंय, पोरांनी ओट्यावर आणून बसवलं. मी पिठाचा डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. नळावर थांबून पाय धुतले. मनात म्हटलं, बोलू दे, घाई काय आहे.

मग तो आवाज म्हणाला, "पितांबर, दळण आणलं का?"

मी तिथेच थांबलो. सुनंदाने लग्नापासून माझं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मला ती "आयकतस का" म्हणायची. आमच्याकडे तिच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. कचेरीत विचारलं तरी शेजारच्या बाईला सांगायला लावते. कंपनीच्या वाक्यांत नवऱ्याचं नाव भरायची जागा होती, तिथे ती गप्प बसली होती आणि नवीनने चिडून ते स्वतः लिहिलं होतं.

लगेच दुसरा, घोगरा आवाज आला. "पितांबर, दयन आनं का?" आणि दोघं हसले.

ओट्यावर खाटेवर दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवले होते. पैज चालली होती, कोणाचा आवाज खरा वाटतो. त्याआधी काय काय बोलायला लावलं होतं ते मला पुष्पाबाईने नंतर सांगितलं. नवीनने लिहिलं होतं, "ललितराव, मला तुमचे फुकटचे नको." ललितने लिहिलं होतं, "नवीन, पैसा उडाडू नको, तुना बापना नही शे." गल्लीतली पोरं जमून ऐकत होती.

मी विचारलं, "दोन्ही फोन इथे आहेत, तर ती कशाने बोलते?"

मी आत गेलो.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली होती. तांब्या घ्यायला निघाली होती. लुगडं ओलं झालं होतं. गळ्याच्या भोकात कफ अडकून घर्र घर्र होत होतं आणि ती तळहाताने फरशीवर मारत होती. फरशीवर तळहाताचा आवाज होत नाही. बाहेर तर तिचेच दोन आवाज चालू होते, कोणाला ऐकू जाणार?

मी कफ काढला, तिला धुतलं, लुगडं बदललं. ते दोघं दारात उभे होते. नवीन म्हणाला, जिजाजी, फोन बाहेर आणायचं तुम्ही सुचवलं. ललित म्हणाला, तुमचा मी नव्हता उचलला, तुम्ही उचलला. नवीन म्हणाला, माझ्या ॲपमध्ये धोक्याची घंटा आहे, एक बटण दाबलं की वाजते. ललित म्हणाला, बटण दाबायला फोन जवळ लागतो. आणि ते पुन्हा सुरू झाले. सुनंदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्यांच्याकडे बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मग बघितलं नाही.

त्यानंतर तिने दोन्ही मोबाइल पालथे घातले. मी तांब्या परत आणून ठेवला. शेवटपर्यंत ती तोच वाजवत राहिली. संक्रांतीच्या आधी ती गेली. जाण्याच्या दिवशी सकाळी तिने एकदाच, हळू वाजवला होता. मी जाऊन बसलो.

मला एकच पाहिजे होतं. तिचा आवाज घरात राहावा, आणि घरातच राहावा. यात मी काही जास्त मागत होतो असं मला वाटत नाही.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी सगळे भाऊबंद जमले. माझा चुलतभाऊ बन्सीलाल सुरतेहून आला होता, त्याला आजारपणात येता आलं नव्हतं. तो म्हणाला, वहिनींचा आवाज भरून ठेवला आहे म्हणतात, मला एकदा ऐकव. मी नवीनला सांगितलं. तो म्हणाला की ते बंद झालं. महिन्याचे पैसे उगाच जातील म्हणून त्याने तिसऱ्या दिवशी, अस्थी गोळा करून आल्यावर, कंपनीला कळवलं की खातेदार वारले. कंपनीच्या नियमाप्रमाणे आवाज पुसला गेला. मी म्हटलं, आपल्याला द्या म्हणायचं. तो म्हणाला, "तसं देत नाहीत, आबा. आवाज तिचा, ती गेली, विषय संपला. याला सुरक्षितता म्हणतात."

तो आवाज मला आवडत नव्हता. पण मी त्याला पुन्हा विचारलं, सगळाच पुसला?

ललित याचीच वाट बघत होता. उभा राहून त्याने खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्याकडे अक्का आहेत. आणि मोकळ्या आहेत." त्याने काहीतरी लिहिलं. घोगरा आवाज म्हणाला, "बन्सीलाल भाऊ, जेयी ल्या." बन्सीलाल खांबाला धरून खाली बसला. बाया रडायला लागल्या. ललितच्या तोंडावर जिंकल्याचं समाधान होतं. त्याने तो मोबाइल मला दिला, आणि मी घेतला. मोकळ्या म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

ते मला होळीनंतर कळलं.

मंगळवार होता. मी ओट्यावर बसून लसूण सोलत होतो. गल्लीत भंगारवाल्याची गाडी शिरली, तीनचाकी, वर भोंगा. भोंग्यातून सुनंदा ओरडत होती.

"भंगार शे का व माय, भंगार! लोखंड, पत्रा, फुटेल भांडा, जुना पंखा! काढा व माय, भंगार!"

शब्दाचा शेवट खाल्लेला. तोच आवाज. पुष्पाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, आबा, अक्का कशी काय बोली राहिनी? पोरं गाडीमागे पळत होती. एक जण ओरडला, आजी आली रे, भंगार न्यायला आजी आली. बाकीची हसली.

मी गाडी थांबवली. भंगारवाला छगन, धुळ्याकडचा. साधा माणूस. त्याला काही माहीत नव्हतं. मोबाइलच्या दुकानात त्याला ते भरून दिलं होतं. म्हणाला, पहिले हिंदी होतं, बाया बाहेर निघत नव्हत्या. हा आपल्या बोलीतला आवाज लावला तर लवकर निघतात. घरची बाई बोलावते असं वाटतं. दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत, नेटवर फुकट आहे म्हणाला. त्याने मला आणखी सांगितलं की शहाद्याकडे एक जण याच आवाजात उंदराचं औषध विकतो.

मी ललितला फोन लावला. ऐकून तो आधी खूश झाला. म्हणजे लोक वापरायला लागले, असं म्हणाला. अहिराणीत असा मोकळा आवाज याआधी कोणी दिला नव्हता, म्हणून त्याने तो सगळ्यांसाठी नेटवर ठेवला होता. त्याला लांबून लांबून शाबासकीची पत्रं आली होती.

मी म्हटलं, "काढून घ्या, ललितराव."

"आता घेता येत नाही, आबा. एकदा मोकळं सोडलं की परत घ्यायचं नाही, अटच तशी असते. नाहीतर लोक भरवसा कसा ठेवतील? आणि मी अक्कांना विचारलं होतं. त्यांनी मान हलवली होती."

"तिच्या गळ्याला टाके होते. तिची मान फक्त वरखाली हलत होती."

तो म्हणाला की त्याच्या ते लक्षात आलं नाही. मी फोन ठेवला.

नवीनला ही गोष्ट कळली तेव्हा तो मुद्दाम धुळ्याहून आला. भंगारवाल्याची गाडी येईपर्यंत थांबला, ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला. आपल्या आईचा आवाज भोंग्यातून भंगार मागतोय आणि पोराचा चेहरा खुलतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तो म्हणाला, "विकतचं असतं तर ही वेळ आली नसती." मी विचारलं, तुझ्याकडचा कुठे आहे? तो म्हणाला, "मिटवला. इज्जतीने मिटवला."

आखाजीला तिची पहिली घागर भरायची होती. गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे त्या दिवशी पाण्याची घागर ठेवतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, रस-पोळीचा घास देतात. मोनाली आणि ललित जळगावहून आले, नवीन धुळ्याहून आला. मोनालीने घागर मांडली. मी हात जोडले. मनात म्हटलं, आज तरी.

आमरसाच्या वाट्या भरून पानं मांडली. नवीन बसायच्या आधीच म्हणाला की वकिलाशी बोलणं झालं आहे. आईचा आवाज परवानगीशिवाय वाटला म्हणून जिजाजींवर तक्रार करता येते. ललित म्हणाला, खुशाल करा. माझ्याकडे रेकॉर्डिंगच्या वेळचं त्यांचं बोलणं आहे, माइकसमोर त्या स्वखुशीने बोलल्या. मोनाली म्हणाली, घागरीसमोर तरी नको. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

ललित म्हणाला, "तुम्ही तुमच्या आईला तिसऱ्या दिवशी बंद केलं, नवीनभाऊ. दिव्याचं बटण बंद करतात तसं."

नवीन म्हणाला, "आणि तुम्ही तिला रस्त्यावर बसवलं. येईल त्याने न्यावं."

मोनालीने तोंडाला पदर लावला. ते थांबले नाहीत. नवीन म्हणाला, कुलूप लावलेलं घर आणि धर्मशाळा यात फरक असतो. ललित म्हणाला, तुमच्या घराची किल्लीच दुसऱ्याकडे होती, तुम्ही भाडेकरू होतात. दोघंही चांगलं बोलत होते. परक्या घरी ऐकलं असतं तर मला दोघांचंही पटलं असतं.

मी फडताळातून ललितने दिलेला मोबाइल काढला. मी रोज तो चार्ज करून ठेवत होतो, पण त्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. एका बोटाने मी अक्षरं शोधत बसलो. त्यांना वाटलं मी कोणाला फोन लावतो आहे. लिहून झाल्यावर मी बटण दाबलं.

"मन्हा घरमाईन निंघा. दोन्ही निंघा."

नवीन वाटीत चमचा धरून तसाच राहिला. मी पुन्हा दाबलं. सुनंदाने पुन्हा सांगितलं. मशीनचा आवाज तेवढाच राहतो, वाढत नाही, कमी होत नाही. तिसऱ्यांदा दाबलं.

मोनाली म्हणाली, "आबा, मायने असं कधीच म्हटलं नसतं."

"नसतं म्हटलं. तुझ्या नवऱ्याने आणि भावाने ओट्यावर तिच्याकडून जे बोलवून घेतलं, तेही तिने म्हटलं नसतं. आता मोकळं आहे ना. कोणीही बोलवून घ्यावं."

आणि मी पुन्हा दाबलं. मोनाली उठेपर्यंत दाबत राहिलो. तिचा काही दोष नव्हता, हे मला माहीत होतं. तिच्या आईच्या आवाजाने तिला तिच्या माहेरातून हाकललं, आखाजीच्या दिवशी. आखाजीला पोरी माहेरी येतात. मी तरीही दाबत राहिलो.

निघताना चपला घालता घालता नवीन ललितला हळूच म्हणाला, "बघा, निंघा म्हणताना शेवट खातो तुमचा आवाज." ललित म्हणाला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. मला दोन्ही ऐकू आलं.

पानं तशीच होती. रस मी गाईला घातला.

मोनालीचा फोन त्यानंतर आलेला नाही. नवीनचा येतो, औषध घेतलं का विचारतो, मी हो म्हणतो. मोबाइल फडताळात आहे. एकदा मी त्यावर "आयकतस का" असं लिहिलं होतं. ती ते म्हणाली. उंदराचं औषध विकताना म्हणत असेल तशीच म्हणाली. मी तो परत चार्जिंगला लावला नाही.

पुष्पाबाईने छगनला सगळं सांगितलं असावं. आखाजीनंतरच्या मंगळवारी मी ओट्यावर बसलो होतो. गाडी आली, पण भोंग्यातून कोणीतरी पुरुष हिंदीत ओरडत होता, पुराना लोहा, भंगार. गाडी दाराशी आली तसा छगन खाली उतरला, हात जोडले.

"आबा, मी काढी टाकं ते. माले माहीत नव्हतं. माफ करा."

भला माणूस होता. माझ्या घरातल्या कोणाला सुचलं नाही ते त्याला सुचलं. मी घरात गेलो. पूर्ण आठवडा मी कशाची वाट बघत होतो ते मला त्या दिवशी कळलं. मी परत बाहेर आलो. गाडी वळणावर गेली होती. मी चपला न घालता मागे गेलो आणि त्याला थांबवलं.

"परत टाक," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी रागाने बोलतो आहे. तो पुन्हा माफी मागायला लागला. मी म्हटलं, फुकट आहे ना? मग टाक. त्याने भोंगा बंद केला. मग म्हणाला, दुकानात जाऊन भरावं लागेल, पुढच्या मंगळवारी आणतो.

त्याने आणलं. आता तो दर मंगळवारी येतो. गल्लीत शिरल्यापासून वळेपर्यंत फार वेळ लागत नाही. पण कोणी माल दिला तर वजन करेपर्यंत गाडी दाराशी थांबते आणि भोंगा चालू राहतो. म्हणून मी काही ना काही देतो. आधी माझे जुने पाने दिले, जॅक दिला, मोडका पंखा दिला. मग परात दिली. डबे दिले. एकट्या माणसाला एवढी भांडी काय करायची आहेत. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली पितळी कळशी दिली, तिच्यावर "रुपचंद यांजकडून सुनंदास" असं कोरलं होतं. छगनने ती फिरवून वाचली आणि म्हणाला, आबा, चांगलं भांडं शे, कसाले देतस?

मी म्हटलं, "वजन कर. सावकाश कर."

वर सुनंदा लोखंड मागत होती, पत्रा मागत होती, फुटकं भांडं मागत होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो.

तांब्या अजून दिलेला नाही.